खलनायकास दुःख जोडावे

कोणतीही मालिका पडद्यावर आली की महिन्याभरात तिच्यातला खलनायक तपासून घ्यावा लागतो. त्यासाठी खलनायक परीक्षण कक्ष आहे, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. मालिका लिहून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला तिथे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

माझी गोष्ट साधी होती. थोरला मुलगा आईला घराबाहेर काढतो आणि आतून कडी घालतो. तिचा चष्मा आणि गोळ्या आतच राहतात. शेवटच्या भागात ती घरात परत येते. हे सगळं मी माझ्या मावशीसाठी लिहिलं होतं. तिच्या मुलानं तिला असंच काढलं, तेव्हापासून ती आमच्याकडे असते. निदान गोष्टीतली म्हातारी तरी घरात जावी, एवढ्यासाठी ती रोज टीव्हीसमोर बसायची.

"याचं दुःख कुठे आहे?" परीक्षण अधिकारी बाईंनी विचारलं.

"दुःख नाही. त्याला घर हवंय."

"नुसतं घर हवं म्हणून आईला काढतो? अहो, असं कोण वागतं?"

"माझा मावसभाऊ."

"खऱ्या आयुष्यात चालतं ते," बाई समजुतीनं म्हणाल्या. "इथे निष्कारण दुष्टपणा मंजूर होत नाही. दुःख जोडा. लहानपणचं."

जोडलं. लहानपणी आईनं दार उघडं टाकलं आणि त्याचं लाडकं मांजर निघून गेलं. म्हणून मोठेपणी तो दारं लावून घेतो. यात बाईंना फार खोल मानसशास्त्र दिसलं. त्यांनी डोळे पुसले आणि शिक्का मारला.

मग काय विचारता! ज्या नटाला भाजीवाली शिव्या हासडायची, त्याच्या पिशवीत ती आता कोथिंबीर फुकट घालू लागली. लोकांनी त्याच्या दारात मांजरं आणून सोडली. तो माझ्याकडे आला, अंगभर केस घेऊन.

"आईला ढकलण्याचा प्रसंग पुन्हा दाखवणार आहात ना, तो बदला," तो म्हणाला. "ढकलणं माझ्या दुःखाला शोभत नाही."

नव्या प्रसंगात तो रडत रडत नुसता दाराकडे बघतो आणि म्हातारी आपणहून बाहेर जाते. कक्षानं तातडीनं बोलावलं. आता मालिकेत खलनायकच उरला नव्हता आणि नियमानुसार ते पद रिक्त ठेवता येत नाही. सबब, पुढील आदेशापर्यंत कार्यभार म्हातारीकडे देण्यात आला. गोळ्यांसाठी ती दार ठोठावते, त्यामुळे आतल्याची मनःशांती ढळते, हे कारण पुरेसं धरलं गेलं.

"मग तिलाही दुःख जोडतो," मी म्हणालो. "बाहेर पडलीये बिचारी."

"ते आत्ताचं दुःख झालं," बाई म्हणाल्या. "आत्ताचं ग्राह्य धरत नाहीत."

शेवटच्या भागात मांजर परत आलं. थोरल्यानं दार उघडलं, त्याला पोटाशी धरलं आणि दार लावलं. घरोघरी लोक ढसाढसा रडले. म्हातारी बाहेरच होती, पण कॅमेरा आत होता.

मावशीही रडली. मग उठून पिशवी भरायला लागली. "त्याची माफी मागून येते. माझ्याकडूनही कधी दार उघडं राहिलं असेल."

"अगं, तुमच्याकडे मांजर कुठे होतं?"

"नव्हतं रे. पण हवं असेल त्याला. मी कधी विचारलंच नाही."

तिला एकटीला कसं सोडणार, म्हणून सोबत गेलो. भावानं दार किलकिलं केलं. त्यानंही मालिका बघितली होती.

"आत्ता कळलं का तुला माझं दुःख?" तो आईला म्हणाला आणि त्यानं आतून कडी घातली.

हे ऐकून लोक आधी चिडतात. काय हा माणूस, म्हणतात. मग तुम्ही आत्ता सरकून बसलात ना, तसेच जरा जवळ सरकतात आणि हळूच विचारतात, "पण काय हो, लहानपणी त्याला नेमकं झालं काय होतं?"