वर्कलोडचं उदाहरण

शब्दकोशाच्या कचेरीत उपसंपादकाची रजा एका शब्दापाशी अडली होती. 'वर्कलोड' हातावेगळा कर आणि शनिवारच्या दुपारच्या गाडीनं खुशाल बायकोकडे जा, असं संपादकांनी सांगितलं होतं. बायको बदलीमुळे दुसऱ्या गावी. कित्येक शनिवारी तो निघता निघता राहिला होता. दर वेळी कुठला ना कुठला शब्द आडवा यायचा.

अर्थ पटकन झाला: एका माणसावर पडलेलं एकूण काम. इतिहासाला व्युत्पत्तीकाका होतेच. त्यांनी सांगितलं, यातल्या 'लोड'चा जुन्या इंग्रजीत अर्थ वाट, प्रवास. ओझं त्यावर नंतर चढलं. "म्हणजे माणूस आधी नुसता निघाला होता," काका चष्मा पुसत म्हणाले. "मग कोणीतरी म्हणालं, जातोच आहेस तर हेही घेऊन जा."

उरलं उदाहरण. कचेरीचा नियम असा, की वाक्य मनानं रचायचं नाही. जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेलंच हवं. उपसंपादकानं टेबलाटेबलाशी जाऊन विचारलं आणि तिथेच घात झाला. आजवर या माणसांना हे कोणी विचारलंच नव्हतं. हिशेबनीस जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलले आणि सुट्टीनंतर तोच धागा पकडून पुन्हा बोलले. मुद्रितशोधकांनी लहानपणापासून सुरुवात केली. सगळं टंकलेखिकाबाईंकडे गेलं. ते बघून बाई जे बोलल्या, तेही नियमात बसत असल्यानं त्यांनाच टाइप करावं लागलं. ढीग वाढला म्हणून संपादकांनी निवड समिती नेमली. आधीचीच कामं उरकत नाहीत, असं समितीनं सुनावलं. तीही वाक्यं ढिगात गेली.

शनिवारी सकाळी ढीग उपसंपादकाच्या टेबलावर आला आणि तो त्यामागे दिसेनासा झाला. तिथूनच त्यानं बायकोला फोन लावला.

"आज पण नाही ना?"

"एक वाक्य राहिलंय फक्त."

"तुझ्या वाक्यांपायी माझं काम वाढलंय. शनिवारी दोन ताटं काढायची, मग एक परत ठेवायचं."

उत्तरादाखल नुसती पेनाची कुरकुर ऐकू आली.

"लिहून घेतोयस की काय?"

"नियमात बसतंय," तो हळूच म्हणाला.

संपादकांनी कार्डावरचं वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. मग डबा पिशवीत टाकून घरी गेले. त्यांना झालं काय, म्हणून हिशेबनिसांनी कार्ड वाचलं, तेही गेले. काका बहिणीकडे गेले. टंकलेखिकाबाई तर वाक्य अर्ध्यावर सोडून उठल्या. भर दुपारी कचेरीत उरला एकटा उपसंपादक. त्याच्या रजेवर सही करणारे घरी पोचले होते, आणि शेवटच्या माणसानं कुलूप लावून किल्ली संपादकांच्या हातात द्यावी, असाही एक नियम होता. संपादकांचं घर गावाच्या एका टोकाला, स्टेशन दुसऱ्या टोकाला, आणि गाडी काही त्यांच्या दारावरून जात नव्हती.

सोमवारी सगळे अगदी वेळेवर आले आणि बंद दारासमोर उभे राहिले. संपादकांनी विचारलं, किल्ली कुठाय?

"जातच होता," काका म्हणाले, "हेही घेऊन गेला."

किल्ली तेव्हा दुसऱ्या गावी होती, दोन उष्ट्या ताटांच्या मधे.