आठच्या गोळीची हजेरी

सासूबाईंनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या, आणि मग सुनेकडे. तिन्ही जागच्या जागी होती.

"आठ," त्या म्हणाल्या. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला.

सुनेने गोळी गिळली आणि आ करून दाखवला. सासूबाईंनी लांबट वही उघडून त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

सासूबाईंनी बत्तीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेतली होती. त्यांच्या धाकाने मालकाची गाडीसुद्धा दोन मिनिटं आधी यायची म्हणतात. पुढे कारखाना बंद पडला, पण बाईंची हजेरी बंद पडेना. काही दिवस त्यांनी दूधवाल्याची घेतली, तर त्याने रस्ता बदलला. मांजराची घेऊन पाहिली, तर ते मुळातच बेशिस्त निघालं. अशात तीन वर्षांपूर्वी सुनेची गोळी हाती लागली आणि बाईंच्या जिवात जीव आला. वहीवर सुवाच्य अक्षरात मथळा पडला: "मूल होण्याची गोळी."

इथेच सगळी मेख होती. ती गोळी मूल न होण्याची होती.

सुनेने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. तिला पीसीओएस, म्हणजे अंडाशयांचा विकार होता. पाळी एकदा गेली की सहा-सहा महिने तोंड दाखवायची नाही, म्हणून डॉक्टरांनी ही गर्भनिरोधक गोळी पाळी ताळ्यावर आणायला दिली होती. सासूबाईंनी विचारलं, "कसली गं?" ती म्हणाली, "पाळी नियमित येण्याची." पाळी नियमित म्हणजे पुढे काय, ते सासूबाईंनी आपल्या मनानेच भरून घेतलं आणि सून गप्प बसली. सत्यच सांगितलं होतं तिने, फक्त अर्धं. नवऱ्याला सगळं माहीत होतं. पण तो लिफ्ट दुरुस्त करणारा, त्यामुळे अडचणीच्या वेळी दोन मजल्यांच्या मध्ये थांबायची त्याला सवयच होती.

सून ट्रकांच्या वजनकाट्यावर कामाला होती. ड्रायव्हर तिला काटेवाली ताई म्हणत. दिवसभर जगाचं वजन करायचं आणि आपल्या वजनाचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघायचं, अशी तिची रीत. एकशे अठरा किलो. साखर वाढलेली, गुडघे बोलायला लागलेले. काट्याच्या केबिनला अकरा पायऱ्या होत्या, आणि सातव्या पायरीवर तिला रोज मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं बघावं लागे. शेवटी तिने वजन कमी करण्याचं ऑपरेशन करायचं ठरवलं. पोट लहान करायचं आणि आतड्याला वळणरस्ता काढून द्यायचा, असं ते ऑपरेशन. त्याला घरात कुणाची ना नव्हती. घोडं अडलं ते इस्पितळाच्या फॉर्मवर.

"शेवटचा रकाना रिकामा आहे," सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या दीड वर्षासाठी गर्भनिरोधक साधन कोणतं?"

"अहो सिस्टर, लग्नाला सात वर्षं झाली. इतक्यात झालं नाही ते दीड वर्षात कुठलं होतंय?"

"असं म्हणणाऱ्या तिघींच्या बारशाचं आमंत्रण आलंय मला. वजन उतरायला लागलं की झोपलेली अंडाशयं डोळे चोळत उठतात. आणि त्याच काळात तुमच्याच अंगाला पुरेसं मिळत नसतं, तर बाळाला काय देणार? दीड वर्ष थांबा. मग खुशाल होऊ द्या."

"मग माझी गोळी आहेच की."

"ती आजपासून बंद. ऑपरेशनच्या आधी महिनाभर चालत नाही, रक्तात गुठळी व्हायची भीती असते. आणि नंतर वळणरस्त्याने गेलेली गोळी अंगी किती लागेल, त्याचा भरवसा नाही. मधला महिना यजमानांना जबाबदारी घेऊ द्या." सिस्टरांनी एक तक्ता पुढे सरकवला. "निवडा यातलं. पुढच्या गुरुवारपर्यंत रकाना भरला नाही, तर तारीख दुसऱ्या बाईला जाईल. पुढची पाच महिन्यांनी."

तो तक्ता काटेवालीने आठ दिवस डब्याखाली ठेवून वाचला. इंजेक्शनाने वजन वाढतं आणि हाडं झिजतात, म्हणजे एका हाताने उतरवायचं आणि दुसऱ्याने चढवायचं. दंडात बसवायच्या कांडीने पाळीचं वेळापत्रक बिघडू शकतं, आणि तिच्याकडे बिघडायला शिल्लक काही नव्हतं. तांबीने रक्तस्राव वाढतो, आणि ऑपरेशननंतर रक्त आधीच कमी पडायचं. राहिली गर्भाशयात बसवायची हार्मोनची. ती पोटाच्या वळणरस्त्याला जातच नाही, रक्त कमी जातं, आणि पाळी चुकून चुकून गर्भाशयाचं अस्तर जाड होतं त्यालाही लगाम बसतो. निवड तिने तिसऱ्या दिवशीच केली होती. पेन उचलवत नव्हतं ते वेगळ्याच कारणाने. रकाना भरायचा म्हणजे घरी सांगायचं. आणि सांगितलं की मग रोज आठला पेला घेऊन कोण उभं राहणार? ती माया आपल्यावर आहे की गोळीवर, हे तिला तपासून बघायचं नव्हतं.

पण आठ तर रोज वाजायचे. गोळी बंद आणि हजेरी चालू, यातून वाट काढायला तिने गोळ्यांच्या पाकिटाची मागची चांदी ब्लेडने अल्लाद उचलली, आत पेपरमिंटच्या बारक्या गोळ्या बसवल्या आणि चांदी गोंदाने पुन्हा चिकटवली. तीन तास लागले. एवढ्या हातोटीने तिने कधी लग्नाची आमंत्रणंसुद्धा चिकटवली नव्हती.

"गोळीला वास कसला येतोय?" पहिल्याच दिवशी सासूबाईंनी विचारलं.

"नवीन काढलीय कंपनीने, आई. चव सुधारलीय."

सासूबाईंनी शेऱ्यात लिहिलं: "वास उत्तम."

तिथेच न थांबता, बुधवारी सकाळी त्या पाकीट घेऊन औषधांच्या दुकानात गेल्या. हेच पेपरमिंटचं आणखी सहा महिन्यांचं द्या, जुनी चव पुन्हा येऊ नये. औषधवाल्याने पाकीट उलटंपालटं केलं, गोळीचा वास घेतला आणि शेवटी चावून पाहिली.

"आजी, ही पेपरमिंटच आहे. पण पाकीट गर्भनिरोधक गोळ्यांचं आहे."

"कसलं?"

औषधवाल्याला वाटलं, आजींना कमी ऐकू येतं. त्याने दुसऱ्यांदा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं.

सासूबाई दुकानाबाहेर आल्या, लेकाला फोन लावून "काट्यावर ये, घरात भानगड आहे," एवढंच म्हणाल्या, घरून वही उचलली आणि तासाभरात वजनकाट्याच्या अकरा पायऱ्या न थांबता चढून केबिनमध्ये हजर झाल्या. काट्यावर वाळूचा ट्रक उभा होता, मागे आणखी चार. सासूबाईंनी वही टेबलावर आपटली. टेबलावर माइकचं बटण होतं. ते दाबून धरलं की बाहेरच्या भोंग्यातून ड्रायव्हरांना "पुढे घ्या, मागे घ्या" ऐकू जायचं. तीन वर्षांच्या हजेरीची वही बरोबर त्याच्यावर बसली. दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

"एक हजार सदुसष्ट दिवस," सासूबाई म्हणाल्या, आणि बाहेर पाच ट्रकांची इंजिनं एकेक करून बंद झाली. "एक हजार सदुसष्ट दिवस मी माझ्या हाताने तुला मूल न होण्याची गोळी दिली?"

"आई, ती पाळीसाठी—"

"आणि वर वहीत लिहिलं, मूल होण्याची. बत्तीस वर्षांत एक खोटी नोंद नाही केली मी. मालकाच्या मेव्हण्याला गैरहजर लावलंय. तू माझी सगळी वही खोटी केलीस गं."

काटेवालीच्या तोंडून मग सगळंच बाहेर पडलं. ऑपरेशनची अट, दीड वर्ष, रकाना, उद्याचा गुरुवार, पेपरमिंट. "सांगणार होते. पण तुम्हाला नातवंड हवंय. गोळी बंद म्हटल्यावर तुम्ही आठला यायच्या बंद झाला असता."

सासूबाई खुर्चीत बसल्या.

"नातवंड हवंय. नाही कशाला म्हणू," त्या म्हणाल्या. "पण अगं, गोळी घेतल्यावर तू दहा मिनिटं माझ्यापाशी बसायचीस. काट्यावरच्या गमती सांगायचीस. मी काय त्या गोळीसाठी घड्याळ बघत होते?"

काटेवालीने पदराच्या टोकाने डोळे पुसले. सासूबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. माइक चांगल्या प्रतीचा होता, त्याला खालचा आवाजही चालायचा.

"कुणाला बोलू नकोस. मीही तांबी बसवली होती. हा झाल्यावर. दुसरं झालं असतं, तर फाटकावरची नोकरी गेली असती. माझ्या सासूला सांगितलं नाही. ती बिचारी सहा वर्षं दुसऱ्या मुलासाठी मला रोज सकाळी काढा द्यायची. कडू जहर."

"आणि तुम्ही?"

"प्यायले. काढा दिला की ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. मला आई नव्हती. तो हात मला हवा होता."

यावर बाहेरून कुणीतरी खणखणीत नाक शिंकरलं. दोघींनी चमकून पाहिलं. वाळूवाला ट्रकच्या खिडकीतून निम्मा बाहेर आला होता.

"ताई," तो ओरडून म्हणाला, "आमच्या हिला तांबीने फार जायचं. मग डॉक्टरीणबाईंनी हार्मोनवाली बसवली. चार वर्षं झाली, घरात तिचं नावसुद्धा निघत नाही."

"तेच ठरवलंय मी," काटेवाली सवयीने माइकमध्ये म्हणाली, आणि मग तिचं लक्ष वहीखालच्या बटणाकडे गेलं.

"हार्मोनवालीच्या बाजूने जे असतील, त्यांनी एक हॉर्न," मागचा सिमेंटवाला म्हणाला. मत कुणी मागितलं नव्हतं, तरी पाच हॉर्न वाजले. हसलं कुणीच नाही. जाताना प्रत्येक ड्रायव्हर केबिनखाली गाडी हळू करून "काळजी घ्या, ताई" म्हणून गेला. काटेवालीने इतके दिवस त्यांच्या फक्त गाड्याच तोलल्या होत्या.

शेवटचा ट्रक गेल्यावर पायऱ्यांपाशी लिफ्टवाला उभा दिसला. त्यानेही पहिल्या शब्दापासून ऐकलं होतं.

"आई," तो म्हणाला, "म्हणजे मला भाऊ नाही तो तुझ्यामुळे? बाबा तर म्हणायचे देवाची मर्जी."

"मर्जी माझी होती," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू एकटाच तिघांना पुरलास. तुला ही गोळी कसली ते ठाऊक होतं ना? मग मधल्या मजल्यावर लटकून का राहिलास? ये वर."

तो वर आला. गुरुवारी रकाना भरला गेला. ऑपरेशन आणि हार्मोनची ती वस्तू बसवणं, दोन्ही कामं डॉक्टरांनी एकाच भुलीत उरकली.

आता चार महिने झालेत. काटेवाली सातव्या पायरीवर मोबाइल काढायची, ती मध्यंतरी नवव्या पायरीवर काढायला लागली आणि गेल्या आठवड्यात काढायचा विसरूनच गेली. आठही वाजतातच, कारण जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम आता जन्मभर घ्यायचं आहे. हे कळलं, त्या दिवशी सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते नातवंडाच्या बातमीनेही आलं नसतं. "जन्मभर," त्या दोनदा म्हणाल्या.

जुन्या वहीवरचा मथळा त्यांनी पट्टी लावून एका रेघेने खोडला, बाजूला सही केली, आणि नवी वही आणली. पहिल्याच पानावर दोन ओळी होत्या. काटेवालीने त्या वाचल्या.

"तांबी. सेवेत सहा वर्षं. रजा नाही. शेरा: सासूबाईंचा हात शेवटपर्यंत डोक्यावर राहिला. आभारी आहे."

खाली दुसरी ओळ: "हार्मोनवाली. चार महिन्यांपूर्वी रुजू. दिसत नाही, पण कामावर आहे. शेरा:" आणि पुढे जागा कोरी.

"हे तू भर," सासूबाई म्हणाल्या आणि पेला खाली ठेवून पेन तिच्या हातात दिलं.

काटेवालीने वरची ओळ पुन्हा एकदा वाचली. मग कोऱ्या जागेत तिने एकच शब्द लिहिला, "वरीलप्रमाणे," आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.