डॉट इनसाठी भरवशाचा माणूस

जगात विश्वासासारखी दौलत नाही, आणि तो कुणावर टाकावा हे ठरवण्यात मावळ तालुक्याचा हात कुणी धरू शकत नाही. टाकवे बुद्रुकच्या रखमाजी आबांनी मागे दोन गुंठे घेतले, तेव्हा तीस वर्षांचे फेरफार काढले, चारही बाजूंचे शेजारी गाठले आणि हद्दीचा दगड स्वतः हलवून पाहिला. (हलला. परत बसवला, थोडा पुढे.)

अशा चोख घरात गेल्या वर्षी इंटरनेटवरचं नाव घ्यायची वेळ आली. आबांची सून राजेश्वरी चार वर्षं शेतावर पाहुणे ठेवते. तीन खोल्या, सासूबाई धोंडाबाईंच्या हातची भाकरी आणि ‘धोंडाबाईची चूल’ हे नाव, एवढ्या भांडवलावर तिनं पुण्या-मुंबईची माणसं आणली. आता त्या नावापुढे भारताचं ‘डॉट इन’ लावायचं होतं. ते नोंदवून देणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. अशा मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी तिनं छापून आणली.

घरच्या निवड समितीनं यादी कडक निकषांवर तपासली. एकाही कंपनीचं मूळ गाव कळेना. धाकट्याच्या लग्नाला एकही आली नव्हती. फोन लावला तर एक दाबा, दोन दाबा. (विश्वासार्हता शून्य टक्के. चहाला आली असती तर चाळीस.)

“आपला सोपान हाय की,” आबा म्हणाले. भावकीतला हा सोपान लोणावळ्यात बंगल्यांची बुकिंगं घेतो, मयताला सगळ्यांच्या आधी पोचतो आणि लग्नात पंगत वाढतो.

“पण आबा, नोंद माझ्या नावावर पायजे. ईमेल बी माझाच.”

“आगं, त्याच्याकडं कागद मागायचा? त्यो काय परका हाय व्हय?”

सोपाननं दहा मिनिटांत काम उरकलं. मालक सोपान, ईमेल सोपानचा, पासवर्ड सोपानच्या डोक्यात. घरात सगळे निश्चिंत झोपले.

दिवाळीच्या तोंडावर बुकिंग एकाएकी आटलं. राजेश्वरीनं स्वतःचं पान उघडलं, तर सोपानच्या मेव्हण्याचं खंडाळ्यातलं रिसॉर्ट! फोटोत धोंडाबाई तशाच भाकरी थापत होत्या, फक्त मागे पोहण्याचा तलाव आला होता.

“आगं बया, मी तितं कवा गेलते?” धोंडाबाईंनी विचारलं. राजेश्वरी संतापानं रडली. चार वर्षांची मेहनत दुसऱ्याच्या दारात पाहुणे उतरवत होती.

सोपान बोलावल्यावर लगेच आला. (कुठली कंपनी येते?) “वहिनी, नाव काय कुटं पळून गेलंय? घरातच हाय की,” म्हणाला. आबांनी त्याला चहा पाजला.

राजेश्वरीनं शेवटी ‘डॉट इन’चा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली. नाव तुमचंच कशावरून, असं उत्तर आलं. पुरावा म्हणून ती आता सासूबाईंना घेऊन वकिलाकडे जाते. निकाल लागेल तेव्हा लागेल. दिवाळी तर गेली.

हा किस्सा मी पुण्यातल्या एका प्राध्यापकाला, दोन डॉक्टरांना आणि एका बँक मॅनेजरला सांगितला. चौघेही आबांच्या भोळेपणावर पोट धरून हसले. मग चौघांनीही आवाज खाली आणून एकच विचारलं. कंपनी कोणती घ्यावी, नोंद कशी तपासावी, हे नव्हे. “तुमच्या ओळखीत कुणी भरवशाचा माणूस आहे का?”

आपणही हेच विचारणार होता ना? घ्या, नंबर लिहून घ्या.