दहातला तो एक

"माझं मराठी वाचून कुणाला एक जरी शंका आली, तर पेन खाली ठेवीन!" संशोधन विभागातल्या बाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं.

डॉक्टरांच्या संशोधनाचं सोपं मराठी करणं हे बाईंचं काम. या खेपेला गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी होती. गोळी घेणाऱ्यांच्या माहितीपत्रकात बाईंनी झोकात लिहिलं, 'डोकेदुखी हा सामान्य दुष्परिणाम आहे.'

दुसऱ्याच दिवशी फोन सुरू!

"बाई, माझं डोकं दुखतच नाही हो! मी सामान्य नाही का?"

एक गृहस्थ तर डोकं दुखावं म्हणून दिवसभर उन्हात बसले. दुखलं!

"आकडा घाला, आकडा!" मोठे डॉक्टर करवादले. "माणसं सोडून गेली तर सगळी चाचणी पाण्यात!"

बाईंनी 'सामान्य' खोडून लिहिलं, 'दहापैकी एकाला डोकेदुखी होऊ शकते.' सुटले म्हणून चहाला वळतात, तोच बाहेर कालवा! बाकांवर नेमकी दहा माणसं.

"आमच्यातला तो एक कोण, ते आधी सांगा! मगच गोळी घेऊ!"

"अहो, ते असं आधी ठरत नसतं," बाईंनी घसा कोरडा केला. "कदाचित कुणाचंच दुखणार नाही, कदाचित तिघांचं दुखेल."

"म्हणजे तुम्हालाच ठाऊक नाही!" माणसं पिशव्या उचलू लागली.

तेवढ्यात एक आजोबा पुढे झाले. "बाई, माझं नाव लिहा. हिला नको. हिचे गुडघेच हिला पुरे आहेत."

"गप बसा!" मागून आजी कडाडल्या. "साधी शिंक आली तरी घर डोक्यावर घेता! बाई, माझंच लिहा."

"मी आधी बोललोय!"

समजावण्याचं त्राण बाईंच्यात उरलं नव्हतं. हातातल्या कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी आजोबांचं नाव खरडलं. आजोबांनी गोळी गिळली आणि बाकीच्या नऊ जणांनीही हसतमुखानं गिळली!

आठवड्यानं आजोबा आले. डोकं ठणठणीत. आजींचंही. पण चेहरा उतरलेला. बाईंना बाजूला घेऊन ते कुजबुजले, "खरं सांगा, माझ्या वाटचं दुखणं कुणाला गेलं? जिवाला चैन नाही."

बाईंनी आकडे समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं. कपाळ चोळत म्हणाल्या, "मला, आजोबा."

आजोबांचे डोळे भरून आले. "अरेरे! मग ती गोळी घेऊ नका हो, बाई. तिनं डोकं दुखतं!"