शिरसाटकाकांची थंडी

ऑगस्ट महिन्यात दुबईच्या अल कुसैसमधल्या एखाद्या बाल्कनीत लोकरीचा स्वेटर वाळत घातलेला तुम्ही पाहिला नसेल. मी दर सोमवारी पाहायचो. तपकिरी रंगाचा, पुढून बटणांचा, आणि त्याच्या शेजारी चिमट्याला लटकलेली कानटोपी. खाली रस्त्यावर डांबर मऊ झालेलं आणि वर हे असं.

आमच्या वॉचमनने एकदा मला लिफ्टपाशी गाठलं. "साहब, वो सामनेवाले चाचा का दिमाग ठीक है ना?"

"दिमाग ठीक है," मी म्हटलं. "नातिन दूर है."

समोरच्या फ्लॅटमधले हे चाचा म्हणजे शिरसाटकाका. एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका कंपनीत परचेसला आहेत. अख्खी नोकरी लोकांच्या डोक्यावर गार हवा सोडण्यात गेली, पण स्वतःला ती अजिबात सोसत नाही. ऑफिसमध्ये त्यांच्या टेबलाच्या वर छतात एसीची जी जाळी आहे, ती त्यांनी पुठ्ठा लावून चिकटपट्टीने बंद केली आहे. मॅनेजरने विचारलं तर म्हणाले, "टेक्निकली ती चालूच आहे सर, फक्त हवा येत नाही."

'टेक्निकली' हा त्यांचा लाडका शब्द. जेवण झालं तरी टेक्निकली झालं असतं, म्हणजे वरण-भात संपला, ताक बाकी आहे. आणि विषय मिटवायचा असला की "खलास!" काकू जाऊन बरीच वर्षं झाली. घरात एकटेच असतात, त्यामुळे हे दोन्ही शब्द बहुतेक आमच्याच घरी येऊन खर्च करतात.

आमच्याशी त्यांची ओळख झाली ती माझ्या डिग्रीमुळे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. माझं बी.कॉम.चं सर्टिफिकेट मी फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. काका पहिल्यांदा साखर मागायला आले, ते वाटी हातात धरून ती फ्रेम वाचत उभे राहिले. "फर्स्ट क्लास! मग तुमच्याशी बोलायला हरकत नाही." तेव्हापासून ते माझी ओळख 'आमचे ग्रॅज्युएट' अशी करून देतात. सुपरमार्केटात भाजी तोलणाऱ्या मल्याळी पोरालासुद्धा करून दिली. तो मला अजून कोथिंबिरीची ताजी जुडी काढून देतो.

आता स्वेटरचं सांगतो.

काकांची मुलगी केतकी स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला, समुद्राकाठच्या एका गावात नर्स आहे. तिची मुलगी इरा, गेल्या वर्षी चार वर्षांची. त्या हिवाळ्यात इराला न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. बरी झाली, पण छाती नाजूक राहिली. बाहेर जाताना जाड कोट हवाच, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि या बाईसाहेबांना समुद्रावर गेल्याशिवाय चैन पडायची नाही, नि कोट तर अंगाला लावून घ्यायच्या नाहीत. रोज रडारड.

जानेवारीतल्या एका रविवारी मी काकांना सहज गाडीत घालून उत्तरेला, रास अल खैमाच्याही पुढे, एका रिकाम्या किनाऱ्यावर घेऊन गेलो होतो. शमाल सुटला होता. शमाल म्हणजे उत्तरेकडून येणारं वारं, हिवाळ्यात ते इथेही चांगलं झोंबतं. काका साहजिकच स्वेटर-कानटोपीत होते. तेवढ्यात केतकीचा व्हिडिओ कॉल आला. मागे करडा समुद्र आणि इराचा टाहो.

"बाबा, तुम्हीच सांगा हिला! कोट काढून टाकलाय वाळूत."

काकांनी मोबाईल लांब धरला. "इरा, हे बघ. आजो पण समुद्रावर आलाय. आजोला पण थंडी वाजतेय. आजोने काय घातलंय?"

टाहो थांबला. दोन डोळे स्क्रीनजवळ आले. "इज युअर सी कोल्ड टू?"

"कोल्ड? व्हेरी कोल्ड! उत्तरेचा समुद्र आहे आमचा पण."

इराने जरा विचार केला आणि कोटात एक हात घातला. मग अट घातली. "यू वेअर, आय वेअर. एव्हरी संडे."

"खलास!" काका म्हणाले. "ठरलं."

त्या क्षणी त्यांच्या डोक्यात फक्त जानेवारी होता.

दर रविवारी कॉल व्हायचा. तिकडची सकाळ म्हणजे आपली भर दुपार. कोट घालून इरा वाळूत पळाली की केतकी काकांचा स्क्रीनवरचा फोटो काढून ठेवायची आणि आठवडाभर तो दाखवून कोट चढवायची. फेब्रुवारीत हे सगळं छान वाटलं. मार्चमध्ये काकांनी कानटोपी टेक्निकली कानांच्या वर घ्यायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये मी विचारलं, "काका, समुद्रच दाखवायचा तर दुबईचा काय वाईट आहे? दहा मिनिटांत जाऊ."

त्यांनी माझ्या डिग्रीचा अपमान झाल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "तिथे मागे चड्डीवर लोक पोहताना दिसतील. पोरीला कळणार नाही? शिवाय नकाशा बघा. उत्तरेला जाल तितकं गार."

"काका, तासाभराच्या अंतराने काय गार होणार?"

"टेक्निकली होतंच."

तिकडे स्कॉटलंडात मे-जूनमध्येही वारं बोचरं. कोट काही सुटेना, आणि म्हणून इकडे स्वेटर सुटेना. मग काकांनी आपल्या धंद्यातलं ज्ञान कामाला लावलं. त्याला ते 'प्रीकूलिंग' म्हणायचे. मोठ्या हॉलमध्ये पाहुणे यायच्या आधीच एसी लावून भिंती गार करून ठेवतात, तसं शरीर आधीच गार करून ठेवायचं. त्यासाठी माझ्या गाडीचा एसी शेवटच्या आकड्यावर, सगळ्या झडपा काकांच्या छातीकडे. ज्या माणसाने ऑफिसात जाळीला पुठ्ठा लावला, तो माझ्या शेजारी दात आवळून गार हवा खात बसलेला असायचा. माझी बोटं स्टेअरिंगवर बधीर व्हायची. किनारा आला की काका स्वेटर चढवायचे, बटणं लावायचे, दार उघडायचे आणि बाहेरच्या भट्टीत उतरायचे. "यल्ला, चला, भिंती तापायच्या आत कॉल लावा."

माझी बायको सुनीता थर्मासमध्ये लिंबू सरबत भरून द्यायची आणि दर रविवारी तेच म्हणायची, "अहो, हा माणूस एक दिवस तुमच्या गाडीत आडवा होईल. मग काय सांगणार आहात केतकीला?"

मी काकांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "पोरीची छाती जपायची आहे. माझी जुनी झाली."

"दुसऱ्या देशात बसून छाती जपायची कोणाची रीत आहे?"

"मग कशी जपू? सांगा ना, ग्रॅज्युएट. रजा मिळत नाही, मिळाली तरी पंधरा दिवसांत परत यायचं. मला तिथे पोचता येतं ते एवढंच."

यावर बी.कॉम.मध्ये काही शिकवलेलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका रविवारी आमची खरी परीक्षा झाली. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. वाळूवर पाऊल ठेवलं तर चपलेतून चटका लागत होता. काका मोबाईलसमोर उभे राहून हात चोळत होते, "हुहुहु" करत होते, आणि कपाळावरून धारा लागल्या होत्या. पलीकडे इरा कोटाची चेन ओढत होती. ती नेमकी मध्येच अडकली होती, आणि त्यामुळे कॉल लांबला होता.

मागे पोलिसांची गाडी येऊन थांबली. एक तरुण अरबी पोलीस उतरला. भर दुपारी, कानटोपी घालून, समुद्राकडे पाठ करून थरथरणारा म्हातारा बघून त्याचा चेहरा गंभीर झाला. तो पाण्याची बाटली घेऊन जवळ आला. इथल्या बऱ्याच लोकांना हिंदी येते, तशी त्यालाही येत होती.

"चाचा, ठीक है? बहुत गर्मी है आज."

"नो, नो!" काका ओरडले. "कोल्ड! व्हेरी कोल्ड!"

पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं, आणि त्या नजरेत नुसती विनवणी होती. मी पोलिसाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "बच्ची बीमार थी. ये स्वेटर पहनेंगे तो वो कोट पहनेगी. उसको मालूम नहीं इधर गर्मी है."

त्याने मान वाकडी करून स्क्रीनकडे पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने बाटली माझ्या हातात दिली, काकांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, दोन्ही हात काखेत घातले आणि खांदे आवळून म्हणाला, "बारिद! बारिद! व्हेरी कोल्ड, हबीबती!"

पोलीसच म्हणतोय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. चेन सर्रकन वर गेली.

कॉल बंद झाल्यावर त्या पोलिसाने स्वतःच्या हाताने काकांच्या स्वेटरची बटणं काढली आणि त्यांना गाडीत बसवून आपल्या समोर अख्खी बाटली प्यायला लावली. जाताना मला म्हणाला, "अगले हफ्ते पाँच मिनट. बस. खलास." काकांना त्यांचाच शब्द कोणीतरी ऐकवलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढे इरा शाळेत जाऊ लागली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कॉल लागला तेव्हा तिने कोट आधीच घातलेला होता, चेन पार हनुवटीपर्यंत. काकांनी "हुहुहु" सुरू केलं, तर ती म्हणाली, "आजो, स्टॉप. माय टीचर हॅज अ ग्लोब."

काका थांबले.

"दुबई इज हॉट. इट्स अ डेझर्ट. यू आर ऑल वेट." ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली आणि कुजबुजल्यासारखं म्हणाली, "यू कॅन टेक इट ऑफ. आय विल कीप माइन ऑन. प्रॉमिस."

काकांनी एकेक बटण काढलं. इराने ते शेवटपर्यंत नीट पाहिलं आणि मग पळाली. केतकी हसत म्हणाली, "सुटलात बाबा! आता तिला सांगावं लागत नाही."

"चांगलं झालं," काका म्हणाले. "टेक्निकली हेच तर हवं होतं."

परतीच्या वाटेवर मी एसी बेताचा ठेवला. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी झोपा आता निवांत." त्यांनी मान हलवली.

मग रविवारचे कॉल आटले. इराचा पोहण्याचा क्लास, कुणाचातरी वाढदिवस. आला तर घरातून यायचा, "हाय आजो, बाय आजो" एवढाच. काका दुपारी आमच्याकडे येऊन बसायचे. सुनीता चहा द्यायची. ते म्हणायचे, "खोकला अजिबात नाही हां तिला या वर्षी." आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच सांगायचे.

या जानेवारीत शमाल पुन्हा सुटला. रविवारी बेल वाजली. दारात काका, हातावर स्वेटरची घडी. "येता का? हवा बघून येऊ."

किनाऱ्यावर गेलो. या खेपेला खरी थंडी होती. लाटा फुटत होत्या, वाळू उडून गालांना लागत होती. मी जाकिटाची चेन लावली. काका मात्र स्वेटर मागच्या सीटवर तसाच ठेवून अर्ध्या बाह्यांच्या शर्टवर खाली उतरले.

"काका, स्वेटर?"

"असू दे."

पाण्याजवळ जाऊन त्यांनी स्वतःच कॉल लावला. केतकीने उचलला. "बाबा? आज अचानक? सगळं ठीक ना?"

"सहज गं. इरा आहे का? म्हटलं समुद्र दाखवावा."

तीही सगळी समुद्रावरच होती. इरा आली. कोट घातलेला, नाक लाल. तिने एकदा पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आजो! व्हेअर इज युअर जम्पर?"

"अं? स्वेटर? नाही का घातला मी?"

"इट्स विंडी! आय कॅन सी युअर हेअर! यू विल गो टू हॉस्पिटल! पुट इट ऑन. नाऊ."

काकांच्या दंडावर काटा आला होता, ओठ निळसर पडत होते. मी स्वेटर आणायला गाडीकडे वळलो. काकांनी मोबाईलच्या मागून, तिला दिसणार नाही असा, मला हात केला. थांबा.

"सापडत नाहीये गं," ते तिला म्हणाले. "कुठे ठेवला असेल मी, सांग बरं?"

इरा विचारात पडली. मग कपाट, पलंगाखाली, दारामागे, अशी एकेक जागा सुचवायला लागली, आणि काका कुडकुडत प्रत्येक जागेला "नाही गं, तिथे नाही" म्हणत राहिले.