पेनहॅलो बंद पडत नाही!

माझी पेनहॅलो आजवर कधीच बंद पडलेली नाही. ती थांबते! फरक आहे. बंद पडायला ती काय शेजारच्या बेसिलची जपानी डबी आहे? तशी ती डबीही कधी बंद पडत नाही म्हणा. त्या गाडीला स्वभावच नाही!

पेनहॅलो म्हणजे अस्सल इंग्लिश स्पोर्ट्स कार. दोनच सीटं, वर टप नाही, समोर अक्रोडाच्या लाकडाची चकचकीत फळी, आणि सीटचं कातडं इतकं मऊ की बसलं की उठवत नाही. (उतरून ढकलावं मात्र वरचेवर लागतं.) बनवणारी कंपनी चाळीस वर्षांपूर्वीच बुडाली. आता तिला हात लावणारा अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस, स्टब्स. तो बॉनेटमध्ये डोकं खुपसतो आणि म्हणतो, "किंचित आवाज येतोय." आमच्याकडे मेकॅनिक 'किंचित' म्हणाला की समजायचं, इंजिन गेलं!

तर आमच्या लेकीचं, इमोजेनचं टोबायसशी लग्न ठरलं आणि मी जाहीर केलं, "नवरीला चर्चला मी पेनहॅलोतून नेणार!"

"टॅक्सी सांगू या," माझी बायको फिलिपा म्हणाली.

"अगं, अर्धा मैल तर जायचं!"

"म्हणूनच म्हणतेय. एवढा लांबचा प्रवास तिला झेपायचा नाही."

"थांबली तर त्याच दिवशी विकून टाकीन!" मी तावातावाने म्हणालो.

"कबूल?"

"कबूल!"

लग्न बाराला होतं. एकला त्याच चर्चमध्ये दुसरं लग्न. पावणेबाराला मी आणि इमोजेन थाटात निघालो. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी झुडपांची कुंपणं, मधे जेमतेम एका गाडीचा रस्ता. निम्म्या वाटेत पेनहॅलोने उसासा टाकला, भस्सकन वाफ सोडली आणि गप्प झाली.

"बाबा, बंद पडली?"

"थांबवली. देखावा बघ."

"समोर गाय आहे."

"मग गाय बघ!"

एवढ्यात मागून मिसेस ॲक्स्बींची गाडी आली. बाई म्हणजे गावचं वर्तमानपत्र! काच खाली करून त्यांनी विचारलं, "काही अडचण?"

"छे छे! सगळं उत्तम!" मी हसून हात हलवला.

इथेच घात झाला. समोरचा 'सगळं उत्तम' म्हणाला की पुन्हा विचारणं आमच्या गावात असभ्य. हॉर्न वाजवणं तर त्याहून असभ्य! बाईंनी इंजिन बंद केलं आणि विणकाम काढलं. त्यांच्यामागे दुसरी गाडी लागली, मग तिसरी. बघता बघता रांग वळणापलीकडे गेली. लोकांनी चहाचे थर्मास उघडले. शेवटी तर कुत्र्याला फिरवायला निघालेला एक गृहस्थ पायीच रांगेत उभा राहिला म्हणे!

"कसली रांग?" त्याने पुढच्याला विचारलं.

"कल्पना नाही. पण एवढी लांब आहे, म्हणजे चांगलंच काहीतरी असणार."

तेवढ्यात फिलिपाचा फोन आला. "कुठे आहात? पाद्रीबाबांचाही अजून पत्ता नाही!"

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "म्हणजे उशीर त्यांच्यामुळे! माझ्यामुळे नाही!"

इमोजेनने झग्याचा घोळ गोळा केला आणि उतरून रांगेच्या कडेकडेने तरातरा निघाली. सातव्या गाडीत पाद्रीबाबा काकडीचं सँडविच खात बसले होते!

"पाद्रीबाबा, तुम्ही इथे?"

"रांगेत आहे, पोरी."

"अहो, चालत पुढे यायचं ना!"

"रांग मोडून? मी? धर्मगुरू?"

ती परत आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. "बाबा, साडेबारा होत आले. एकला चर्च हातचं जाईल. टोबायस तिथे एकटा उभा आहे. म्हणा ना एकदा, गाडी बंद पडली! तुम्ही म्हटल्याशिवाय इथलं कोणी हात लावणार नाही."

"किंचित..."

"किंचित नाही, बाबा!"

पोरीचं तोंड बघवेना. मी सीटवर उभा राहिलो, डोळे मिटले आणि ओरडलो, "बंद पडली!"

वाचकहो, काय सांगू! फटाफट दारं उघडली. "अहो, मग आधी नाही का बोलायचं!" म्हणत तीसचाळीस माणसं धावली. धावली तीही नंबराप्रमाणे! पहिले सहा ढकलायला, बाकीचे मागे ओळीने. पावणेएकला पेनहॅलो चर्चच्या दारात हजर! पाद्रीबाबांनी प्रवचन गाळलं, एकच्या ठोक्याला लग्न लागलं. प्रवचन गाळल्याबद्दल गाव आजही माझे आभार मानतं.

बाहेर आलो तर तो पायी आलेला गृहस्थ कुत्र्यासकट पेनहॅलोपाशी उभा. "आता माझाच नंबर ना? कशाची होती रांग?"

मी तोंड उघडायच्या आत फिलिपा म्हणाली, "ही गाडी विकायची आहे."

गृहस्थाचा चेहरा पडला. त्याला गाडी चालवताच येत नव्हती! पण तासभर रांगेत उभं राहून रिकाम्या हाताने परत जायचं? इंग्लिश माणूस होता तो.

"घेतो," तो क्षीण आवाजात म्हणाला.

किल्ली देताना माझी बोटं सुटेनात. खरंच सांगतो, रडू आलं.

"बंद तर पडत नाही ना?" त्याने विचारलं.

"आजवर एकदाच!" मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

घरी बेसिलच्या डबीतून आलो. दोन मिनिटांत पोचलो. वाटेत कुठे थांबणं नाही की काही नाही. गायसुद्धा धड दिसली नाही!