रामटेके साहेबांचा डावा बूट

रामटेके साहेब गाडी चालवायला निघाले की डावा बूट घरी ठेवून येत.

लिफ्टचं दार उघडायचं आणि कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत फाईल आणि उजव्या पायात चकाकणारा काळा बूट असा सगळा सरंजाम बाहेर पडायचा. डाव्या पायात नुसता मोजा. आमच्या गेटवरचा गार्ड भिडस्त. पहिले दोन दिवस तो गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही. म्हणाला, "साहब, एक जूता रह गया।"

"रह नहीं गया, छोड़ा है। नोट कर लीजिए।"

गार्डने खरोखरच गेटच्या रजिस्टरात तशी नोंद केली. रामटेके साहेबांनी 'नोंद घ्या' म्हटलं की माणूस आपोआप नोंद घेई, असा त्यांचा आवाज होता.

तेव्हा गुडगावात रोज एक नवी इमारत उभी राहत होती आणि रोज एक नवा शेजारी येत होता. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. मी इथल्या एका शाळेत गणित शिकवते. नवऱ्याच्या नोकरीपायी सांगलीहून इथे आले, आणि आमच्या वरच्या मजल्यावर मराठी पाटी दिसली तेव्हा मला फार आनंद झाला. रामटेके साहेब मूळचे भंडाऱ्याकडचे. सगळी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारात, आणि सगळा संसार लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. रिटायर झाल्यावर इकडे आले. काकू कधी खाली दिसत नसत. बाल्कनीत त्यांची शाल तेवढी दिसायची. मला वाटायचं, मोठ्या साहेबाची बायको आहे, असेल थोडी शिष्ट.

तर अशा या गृहस्थाने साठी उलटल्यावर लायसन्स काढलं आणि लगेच स्पोर्ट्स कार घेतली. लालभडक, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. आणि ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाही, गियर आपले आपण पडतात. सोसायटीतली निम्मी माणसं तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून गेली. माझा नवरा तर आठवडाभर वेड लागल्यासारखा पार्किंगमध्ये चकरा मारत होता.

एके दिवशी साहेबांनी मला जिन्यात गाठलं.

"शिंदे मॅडम, तुम्ही गणिताच्या. खोटं बोलणार नाही. एका माणसाच्या सांगण्यावर गाडी पास होत नसते, साक्षीदार लागतो. रोज सकाळी अर्धा तास. चालेल?"

मी हो म्हटलं, ते निव्वळ चौकशीखोरपणाने. तो डावा बूट मला स्वस्थ बसू देत नव्हता.

गाडीत बसल्यावर साहेब डावा पाय मागे ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "हा रजेवर." मग पूर्ण प्रवासात तो पाय जागचा हलायचा नाही. एकदा समोर अचानक गाय आली. साहेबांनी ब्रेक दाबला, मी ओरडले, गाय निघून गेली. साहेबांनी आधी खाली वाकून डावा पाय बघितला. "हलला नाही. बिल्कुल नाही. नोंद घ्या." गायीचं त्यांना काही नव्हतं.

गियरवर मात्र त्यांचा विश्वास बसायला बरेच दिवस लागले. "हे स्वतःच निर्णय घेतं, मॅडम. ना टिप्पणी, ना चर्चा, ना वरिष्ठांची सही. बत्तीस वर्षांत असं एक खातं मी पाहिलं नाही." आणि जगातल्या उत्तम इंजिनांपैकी एक पायाखाली असताना ते ताशी अठ्ठावीसने जात. नव्या रुंद रस्त्यावर सायकलरिक्षा आम्हाला ओलांडून पुढे जायच्या. मोटरसायकलवरची कॉलेजची पोरं शेजारी येऊन ओरडायची, "अंकल, भगाओ यार!" साहेब मान तुकवून आभार मानायचे आणि घरी आल्यावर लिहायचे, 'युवकांच्या प्रतिक्रिया अनुकूल.'

हो, लिहायचे. काखेतली ती फाईल त्याचसाठी होती. लाल नाडी, क्रमांक घातलेले परिच्छेद, खाली तारखेसह सही. जन्मभर इंग्रजीत आणि हिंदीत टिप्पण्या लिहिलेल्या माणसाची ही एकच फाईल मराठीत होती. 'परिच्छेद ४. वळणावर गाडी रस्ता सोडत नाही. पोटात कालवते, परंतु ते न्याहारीमुळेही असू शकते. परिच्छेद ५. थांबलेल्या स्थितीतून निघताना धक्का बसत नाही. साक्षीदार सहमत. अवलोकनार्थ व मान्यतेस्तव सादर.'

दुसऱ्या दिवशी ही फाईल परत आलेली असे. समासात पेन्सिलीने, सुबक अक्षरात शेरे. 'परिच्छेद ४ मोघम.' 'उजवा पाय किती वेळाने दुखू लागतो? तपासून सादर करावे.' 'पुलाच्या चढावर थांबवून पुन्हा काढून पाहिली का?' आम्ही लगेच पुलावर जायचो, चढावर थांबायचो, मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या खायचो आणि पुन्हा निघायचो.

"साहेब, ही फाईल जाते कोणाकडे?" मी विचारलं.

"वर."

"वर म्हणजे?"

"सक्षम प्राधिकारी," साहेब म्हणाले आणि त्यांनी इंडिकेटर लावला.

माझा नवरा म्हणाला, कुठल्या तरी मोटारींच्या मासिकात लिहीत असतील. मला ते पटलं नाही. मासिकाचा संपादक इतका बारीक छळ करत नाही. मग एकदा करोल बागेत गेलो. तिथे गाड्यांच्या सामानाची ओळीने दुकानं. दुकानदाराने लाल गाडी पाहिली आणि तो खूश होऊन मागे लावायचे पंख, निळे दिवे, घोगरा आवाज काढणारे सायलेन्सर असं काय काय दाखवू लागला. साहेबांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "ड्राइवर के दरवाज़े के पास, ऊपर, पकड़ने के लिए एक दांडी लगा दीजिए, मजबूत."

"सर, यह स्पोर्ट्स कार है, बस नहीं है।"

"मालूम है। दांडी लगाइए।"

दांडी बसली. मी साक्षीदार म्हणून लोंबकळून पाहिलं.

उलगडा झाला तो एका डब्यामुळे. साहेबांनी आम्हाला भंडाऱ्याकडची, कोथिंबीर भरलेली सांबारवडी पाठवली होती. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून मी त्यात बेसनाचे लाडू भरले आणि पहिल्यांदाच वर गेले. साहेब भाजी आणायला गेले होते. आतून आवाज आला, "दार उघडंच आहे, या."

बाल्कनीजवळच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या. मांडीवर ती फाईल, हातात पेन्सिल. खुर्चीला टेकून वॉकर उभा होता. शालीखालचा डावा पाय जसा ठेवला होता तसाच होता.

"तुम्ही शिंदे," त्या म्हणाल्या. "साक्षीदार. परिच्छेद आठवर तुमची सही आहे, पण तारीख नाही."

मी मुकाट्याने तारीख घातली. काकूसुद्धा दिल्लीत साहेबांच्याच मंत्रालयात होत्या. स्टेनो म्हणून लागल्या आणि रिटायर झाल्या तेव्हा साहेबांच्या एक पायरी वर होत्या. सक्षम प्राधिकारी, अगदी नियमाप्रमाणे.

गाडीसुद्धा त्याच चालवायच्या. लक्ष्मीबाई नगरात गाड्या मोजक्या, त्यात बाई चालवणारी ही एकच. साहेबांना क्लच जमला नाही. तीन दिवस शिकले आणि दुधाच्या बूथला धडकले. त्यानंतर वीस-बावीस वर्षं काकू चालवायच्या आणि साहेब डावीकडे बसून 'डावीकडून मोकळं' एवढं सांगायचे. कॉलनीतल्या किती बाळंतिणींना काकूंनी इस्पितळात पोचवलं, गावाकडून यूपीएससीला आलेल्या किती मुलामुलींना परीक्षेच्या केंद्रावर सोडलं, याची मोजदाद नाही. मग लकवा झाला. हात सुधारला, पाय नाही. त्यांनी गाडी विकायला लावली आणि जिथे त्यांना कोणी ओळखत नाही अशा जागी राहायला आल्या.

"ऑटोमॅटिकला डावा पाय लागत नाही, हे आम्हालाही ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "गेलो होतो एका शोरूममध्ये. तो विक्रेता यांना म्हणतो, 'मरीज़ों के लिए बहुत अच्छी है, आंटीजी आराम से चला लेंगी।' मी तिथून उठले. यांना सांगितलं, मरीजांची गाडी मी चालवणार नाही. विषय बंद. तर हे काय करून बसले बघा. म्हणाले, आता ही गाडी बघून लोक जळतील, पण कीव कोणी करणार नाही."

मला एकदम त्या मोज्यातल्या पायाचा अर्थ लागला. साहेब रोज काकूंचा पाय घेऊन गाडी चालवत होते. मला माझ्या चौकशीखोरपणाची जरा लाजच वाटली.

"मग मंजुरी का देत नाही, काकू?"

त्यांनी पेन्सिल फाईलवर आडवी ठेवली. "भीती वाटते. वीस वर्षं मी यांना नेलं-आणलं. आता त्याच रस्त्यावर माझ्या हातून काही झालं तर? म्हणून शंका काढत राहते. यांना सांगू नका. आता शेवटची काढलीय, बघा. सीट जमिनीला टेकलेली. बसायचं कसं आणि उठायचं कसं? याचं उत्तर नाही यांच्याकडे."

दोन दिवसांपूर्वी साहेबांनी माझ्याकडून शाळेतली फळ्यावर आखायची लांब लाकडी पट्टी मागून नेली होती. कशाला ते विचारायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आले तर खाली पार्किंगमध्ये साहेब. काकू झोपल्या होत्या तेवढ्यात त्यांचा वॉकर खाली आणला होता. डावा गुडघा वाकू नये म्हणून माझी पट्टी मफलरने पायाला करकचून बांधली होती. पाठ आधी आत, मग दांडी धरायची, मग हाताने उचलून डावा पाय आत घ्यायचा. मग तेच सगळं उलट. माझ्यादेखत ते बाहेर येताना पडले. मी धावले.

"साहेब, पुरे झालं!"

"पडलो याचीही नोंद घ्या. तिसऱ्यांदा," ते जमिनीवरूनच म्हणाले. कोपर खरचटलं होतं. उजवं मनगट सुजू लागलं होतं. त्यामुळे त्या दिवशीची टिप्पणी मला लिहून घ्यावी लागली.

'परिच्छेद १५. डाव्या पायाची मदत न घेता आत बसणे शक्य. बाहेर येणे अवघड, परंतु शक्य. एकूण प्रयत्न अकरा. डॉक्टरांचे पत्र व लायसन्सची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. मान्यतेस्तव सादर.'

साहेबांनी डाव्या हाताने कशीबशी सही केली. मग मी, आयुष्यात पहिल्यांदा, सरकारी फाईलमध्ये परवानगी न घेता लुडबूड केली. खाली लिहिलं, 'साक्षीदाराचा शेरा: साहेब तीनदा पडले. ते थांबतील असे वाटत नाही. कृपया निर्णय व्हावा.'

चार दिवस फाईल वरच राहिली. साहेब चार दिवस दोन्ही पायांत चपला घालून नुसते बागेत फिरले. मला वाटलं, मी घाण केली. शनिवारी संध्याकाळी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी फाईल पुढे केली. समासात पेन्सिल नव्हती, पेन होतं.

'पाहिले. मंजूर. रविवार, सकाळी सात. चालक बदलावा.'

रविवारी मी पावणेसातलाच खाली जाऊन उभी राहिले. लिफ्ट उघडली. काकू वॉकर घेऊन आल्या, निळी सुती साडी, केस नीट बांधलेले. पहिल्या वेळी जमलं नाही. दुसऱ्या वेळी दांडी सुटली आणि साहेबांनी पुढे केलेला हात त्यांनी झटकून टाकला. तिसऱ्या वेळी त्या बसल्या. आरसा आपल्याला हवा तसा फिरवून घेतला आणि म्हणाल्या, "हा किती वाकडा लावला होता तुम्ही!"

साहेब वळसा घालून डाव्या बाजूला आले. रोज मी बसायची त्या दाराशी. दार उघडून क्षणभर थांबले, रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "डावीकडून मोकळं." सवयीने माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली.

दोन्ही पायांत बूट होते.